कष्टाकडून कसबाकडे : प्रस्तावना

मुलीने दहावीनंतर महाविद्यालयाची वाट न धरता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नाव घालावे, तेथेही शिवणकला किंवा केशरचना यांसारख्या मुलींच्या म्हणून ठरून गेलेल्या व्यवसायांकडे न वळता जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन) ह्यांपैकी एखादा व्यवसाय निवडावा, आणि मुदत पुरी होताच हाती कानस, पाना किंवा वेल्डिंगचा होल्डर घेऊन पोटापाण्याला लागावे, ही गोष्ट आज अशक्य राहिलेली नाही. परंतु ती अजून सहजही झालेली नाही. अशा निवडीची बातमी होते, सत्कार होतो, छायाचित्र छापले जाते. आणि ज्या घरात ती निवड प्रत्यक्ष व्हावयाची असते त्या घरात मात्र आधी काही दिवस अबोला धरला जातो. ह्या पुस्तकाचा विषय ती निवड आणि तो अबोला हा आहे.

अशा मुलीला धाडसी म्हणून गौरविणे सोपे आहे, आणि गौरविणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि गौरवाच्या भाषेत एक अडचण दडलेली असते: जी गोष्ट अलौकिक म्हणून वाखाणली जाते ती मग इतरांनी करावयाची गोष्ट राहत नाही. शेजारच्या गावातील मुलीने विजेच्या खांबावर चढून तार जोडली म्हणून टाळ्या वाजविणारा बाप आपल्या मुलीचे नाव त्याच संस्थेत घालीलच असे नाही. किंबहुना टाळ्या वाजवून तो त्या जबाबदारीतून मोकळा झालेला असतो. म्हणून येथे गौरवाचा सूर बाजूला ठेवून एकच साधा प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या समाजात स्त्री पिढ्यानुपिढ्या उन्हात, धुरात, धुळीत आणि ओझ्याखाली राबत आली, त्या समाजाला तिच्या हाती अवजार आलेले पाहून आश्चर्य का वाटावे?

ह्या निवडीविरुद्ध पहिली हरकत घेतली जाते ती शरीरबळाची. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याची भट्टी ज्याने पाहिली आहे त्याला ती हरकत कितपत टिकते हे सांगावे लागणार नाही. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरून ऐरणीपाशी बसलेला असतो, आणि बाजूच्या झोळीत मूल निजवून, उभी राहून, दोन्ही हातांनी घण घालते ती त्याची बायको. लोखंडाला आकार येतो तो तिच्या घणाने. परंतु घाव कोठे पडावा, लोखंड पुरते तापले की नाही, धारेला पाणी केव्हा द्यावे, हे ठरविणारा तो असतो, आणि म्हणून कारागीर तो ठरतो, ती मदतनीस. बांधकामावरही हाच प्रकार. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेले घेऊन परांचीच्या फळ्यांवरून चढणारी स्त्री मुकादमाच्या हजेरीपटावर बिगारी म्हणून चढते आणि कंबर मोडल्यावर त्याच सदरातून उतरते. तिच्याबरोबर एकाच दिवशी कामावर लागलेला पोरगा मात्र पाचसात वर्षांत थापी आणि ओळंबा हाती घेऊन गवंडी झालेला असतो. विणकराच्या घरी कांड्या भरण्याचे काम बहुधा बाईचे, मागावर बसण्याचे पुरुषाचे. कुंभाराच्या घरी माती मळणे तिचे, चाक फिरविणे त्याचे. शेतात खुरपे तिचे, नांगर त्याचा. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता, पण त्या बहुतांशी वाइंडिंग आणि रीलिंग ह्या खात्यांत कोंडलेल्या होत्या. पुढे यंत्रे सुधारली, त्या खात्यांतील हातांची गरज आटली, तेव्हा कमी झाल्या त्या प्रथम स्त्रियाच, कारण दुसऱ्या खात्यात जाण्याइतके कसब त्यांना कोणी शिकविलेच नव्हते.

ह्या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. आपल्या समाजाने स्त्रीला जड काम कधीही नाकारले नाही. त्याने नाकारली ती अवजारावरची हुकमत. कष्ट तिच्या वाट्याला पुरेपूर आले, कसब आले नाही. आणि मोबदला तर नेहमी कसबाला मिळतो, कष्टाला नव्हे. किमान वेतनाच्या कोष्टकात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे जे तीन रकाने पाडलेले असतात, त्यांतील पहिल्या रकान्यात जन्म काढण्याची शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने फर्मावली नसताना कोट्यवधी स्त्रिया भोगीत आल्या. १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्याने समान कामाला समान दाम द्यावा असे सांगितले, ते उत्तमच झाले. परंतु गवंड्याला गवंड्याइतका आणि बिगाऱ्याला बिगाऱ्याइतका पगार देऊन हिशेब चोख ठेवणाऱ्या ठेकेदाराला त्या कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नव्हते, कारण समान कामापर्यंत स्त्री पोहोचणारच नाही अशी तजवीज कायद्याच्या फार आधी रिवाजाने करून ठेवलेली होती.

स्त्रीशिक्षणाचा महाराष्ट्राला जो अभिमान वाटतो तो सार्थ आहे. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी उघडलेली शाळा, १८८६ साली फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी, १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये त्यांनीच उभे केलेले महिला विद्यापीठ, ही नावे मराठी घरात मुलांना वेगळी शिकवावी लागत नाहीत. ह्या परंपरेने स्त्रीच्या हाती अक्षर दिले, आणि अक्षराच्या मागोमाग शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर, वकील, प्राध्यापक असे हुद्दे दिले. परंतु त्याच काळात दुसरीही एक धारा वाहत होती, तिच्याकडे आपले लक्ष कमी गेले. दौंडजवळच्या केडगावी पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्तिसदनात निराधार स्त्रिया केवळ लिहावाचायला शिकत नव्हत्या. तेथे विणकाम होते, तेलघाणा होता, शेती होती, आणि एक छापखाना होता. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जे बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आले, त्याचे खिळे जुळविण्याचे आणि ते छापण्याचे काम त्या सदनातील स्त्रियांनी केले. दुष्काळातून आणि वैधव्यातून उचलून आणलेल्या बायका एवढा प्रचंड ग्रंथ स्वतःच्या हातांनी छापतात, ही घटना स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पदवीदानाच्या बरोबरीने नोंदविली जावयास हवी होती.

तशी ती नोंदविली गेली नाही, याचे कारण मध्यमवर्गीय सुधारणेच्या दृष्टीत सापडते. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नांगर घडत होते, आणि त्याच वाडीतून १९३० पासून ‘स्त्री’ मासिक निघू लागले. त्या मासिकाचे मराठी स्त्रीवरचे ऋण मोठे आहे. परंतु त्याच्या वाचकवर्गातून ज्या पिढ्या घडल्या त्यांच्या आकांक्षेत लेखणी आली, व्यासपीठ आले, नोकरी आली, आणि हाकेच्या अंतरावर फिरणारा लेथ मात्र फारसा आला नाही. हस्तकौशल्य म्हणून मुलींसाठी शिल्लक राहिले ते शिवण, टिपण, भरतकाम आणि लोकरीचे विणकाम. म्हणजे ज्या कामांचा कारखान्याच्या पगारपत्रकापेक्षा घरातील बचतीशी अधिक संबंध होता ती कामे. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने स्त्रियांच्या व्यवसाय प्रशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था केली, स्त्रियांसाठी स्वतंत्र संस्था निघाल्या, सर्वसाधारण संस्थांतून त्यांच्यासाठी जागा राखल्या गेल्या. तरीही राखलेल्या जागांचा ओघ दीर्घकाळ शिवणयंत्राकडे, लघुलेखनाकडे आणि सौंदर्यप्रसाधनाकडेच वळत राहिला.

इकडे पदवीचे काय झाले? ज्या पदवीने एके काळी स्त्रीला उंबरठ्याबाहेर आणले, तीच पदवी आज पुष्कळ घरांत लग्न जमेपर्यंतचा काळ प्रतिष्ठेने घालविण्याची सोय होऊन बसली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात तीन वर्षे हजेरी लावून मिळालेला दाखला स्थळांच्या यादीत एक रकाना भरतो, आणि लग्न लांबले तर स्पर्धा परीक्षेच्या अर्जाला जोडला जातो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे त्या दाखल्याचे बाजारमूल्य वेगळे सांगण्याची आवश्यकता उरत नाही. विद्येचा उपहास करण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या मुलीला इतिहासात, गणितात किंवा भाषेत खरी गोडी आहे तिने महाविद्यालयातच गेले पाहिजे, आणि तिच्या मार्गात पैशाची वा गावाची आडकाठी येत असेल तर ती दूर करणे हे समाजाचे कर्तव्य आहे. प्रश्न आहे तो जिला अशी गोडी नाही, जिचे हात चलाख आहेत, जी घरातला पंखा उघडून पुन्हा जोडते आणि जोडल्यावर तो चालतो, त्या मुलीचा. तिला बी.ए. च्या वर्गात बसविणे हे ना विद्येच्या हिताचे आहे, ना तिच्या.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोखंड, लाकूड, चामडे, माती ह्यांना हात लावणाऱ्यांना आपल्या समाजाने शतकानुशतके खालच्या पायरीवर बसविले. बलुत्याच्या व्यवस्थेत धंदा जन्मानेच गळ्यात पडे, आणि त्यातून सुटण्याचा एकमेव दरवाजा म्हणजे शाळा आणि महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, ते उच्च विद्येवाचून दलितांची सुटका नाही ह्या निश्चयाने. उलट १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी प्राथमिक शिक्षणाची योजना आणली, तेव्हा ती जातीचा धंदा मुलांच्या गळ्यात पुन्हा अडकविण्याची युक्ती आहे असे म्हणून तेथील जनतेने तिच्याविरुद्ध रान उठविले, आणि वर्षभरात ती मागे घ्यावी लागली. ह्या इतिहासाची आठवण असणारा एखादा कष्टकरी बाप जर म्हणाला की तुमच्या मुली डॉक्टर होणार आणि आमच्या मुलींनी मात्र पाने आणि पकडी हाती घ्याव्यात काय, तर त्याचा प्रश्न उर्मटपणाचा नाही. तो त्याच्या अनुभवातून आलेला आहे.

त्याला उत्तर द्यावयाचे तर दोन कसोट्या मान्य कराव्या लागतील. पहिली ही की व्यवसाय निवडणारी मुलगी स्वतः तो निवडते की तिची आर्थिक स्थिती तिच्या वतीने सही करते. आणि ज्यांच्या घरी महाविद्यालयाचा खर्च परवडतो अशा घरांतील मुलीही ह्या वाटेने येऊ लागल्या आहेत काय. दुसरी ही की ह्या वाटेच्या टोकाला भिंत आहे की आणखी वाट आहे. दुसऱ्या कसोटीपुरते उत्तर समाधानकारक आहे. महाराष्ट्रात दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पुरा केलेल्या विद्यार्थ्याला भाषेच्या विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळविता येते; तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या पदवीच्याही दुसऱ्या वर्षाला. म्हणजे महाविद्यालयाचा दरवाजा बंद होत नाही. तेथे जाण्याचा क्रम बदलतो, आणि मध्यंतरी हाताला एक धंदा लागलेला असतो. पहिल्या कसोटीचे उत्तर अजून द्यावयाचे आहे, आणि ते शासनापेक्षा सुस्थित घरांनी द्यावयाचे आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नेमके काय शिकविले जाते ह्याविषयी सुशिक्षित मंडळींचे अज्ञान मोठे आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना भारत सरकारने १९५० मध्ये सुरू केली. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. जोडारी, कातारी, वीजतंत्री, यंत्र कारागीर हे व्यवसाय दोन वर्षांचे, संधाता आणि नळ कारागीर एक वर्षाचे. जोडारीच्या वर्गात पहिल्या महिन्यांत विद्यार्थ्याच्या हाती मोठे यंत्र देत नाहीत. त्याला पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा, एक कानस आणि एक व्हाइस देतात, आणि तो तुकडा सपाट व काटकोनात करावयास सांगतात. हे काम ऐकण्यास जितके क्षुल्लक तितके करण्यास अवघड. कानस पुढे जाताना दोन्ही हातांचा दाब सतत बदलत न्यावा लागतो, नाहीतर पृष्ठभाग मध्ये फुगतो आणि कडा उतरतात; पायांतील अंतर, खांद्याची उंची, श्वासाची लय ह्या सर्वांचा त्यात संबंध असतो. मग निदेशक तो जॉब हाती घेतो, त्याच्यावर गुण्या ठेवतो आणि उजेडाकडे धरतो. पोलाद आणि गुण्या ह्यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत. तेथे वशिला चालत नाही, आणि पाठांतरही चालत नाही. व्हर्नियर कॅलिपरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचता येईपर्यंत डोळा तयार व्हावा लागतो. जी मुलगी ह्या तालमीतून गेली तिच्या बोलण्यात एक निराळा नेमकेपणा येतो. अंदाजे, साधारण, बहुधा हे शब्द ती जपून वापरू लागते.

अशा तालमीतून तयार झालेल्या स्त्रीला कारखान्यात जागा मिळू नये ह्याची व्यवस्था कायद्यानेही पुष्कळ वर्षे केली होती, आणि ती दयाबुद्धीने केली होती हे विशेष. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २२ व्या कलमाने यंत्राचे चालकभाग फिरत असताना त्यांची सफाई करणे, त्यांना तेल घालणे किंवा ते जुळविणे स्त्रियांना मना केले. ६६ व्या कलमाने सकाळी ६ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर स्त्रीला कामावर ठेवण्यास बंदी केली. १९५२ च्या खाण अधिनियमाने जमिनीखालचे काम तिला वर्ज्य ठरविले. जेव्हा मालक बेफाम होते आणि यंत्रे उघडी होती तेव्हा ह्या कलमांनी पुष्कळांचे प्राण आणि प्रकृती वाचविली असेल. परंतु त्यांचा दुसरा परिणाम असा झाला की ज्या देखभाल खात्यात कसबाची खरी परीक्षा होते आणि जेथे तिसरी पाळी चुकत नाही, ते खाते स्त्रियांना बंद झाले. धोका सर्वांसाठी कमी करण्याऐवजी स्त्रीलाच धोक्यापासून दूर करणे हा सोपा उपाय होता, आणि सोप्या उपायाची किंमत तिने चुकविली. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली रात्रपाळीच्या बंदीचे कलम घटनाबाह्य ठरविले. २०१९ मध्ये खाणींतील बंदीही शिथिल झाली. आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेने सर्व प्रकारच्या कामांवर स्त्रियांना नेमता येईल, रात्रीच्या कामासाठी तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी, असे तत्त्व मांडले. कायद्याची हरकत अशा रीतीने निघाली आहे. आता उरली आहे ती माणसांची.

ती हरकत खोटी पाडणारी उदाहरणे आपल्याकडे दुर्मिळ नाहीत. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव यांनी कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतली, तेव्हा पुढे गणिताची पदवी आणि बी.एड. करून शिक्षिका व्हावे असा त्यांचा मानस होता; रेल्वेची नोकरी आली आणि तो बेत मागे पडला. १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या, पुढे मालगाड्या आणि मुंबईच्या लोकल त्यांनी चालविल्या, मार्च २०११ मध्ये घाटातून ‘डेक्कन क्वीन’ नेली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, आणि २०२५ मध्ये सन्मानाने निवृत्त झाल्या. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक चालक पुरुष आहे की स्त्री ह्याची चौकशी करीत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीचे आणि मजबुतीकरणाचे जे मोठे काम लातूर-उस्मानाबादेत चालले, त्यात स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या द्वारे गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या, आणि भिंतीचा दगड कसा बांधावा, कोपऱ्याला बळकटी कशी द्यावी हे शिकून त्यांनी ते गावकऱ्यांना शिकविले. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमाखाली अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांनी हातपंप उघडून दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात शाळेतील मुले आणि मुली एकाच वर्गात वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी आणि शेती शिकतात. त्यातील तत्त्व साधे आहे: जे अवजार दोघांनीही चौदाव्या वर्षी हाताळले, ते पुढे दोघांपैकी कोणा एकाचे राहत नाही.

तरीही एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. पुण्याच्या टाटा मोटर्ससारख्या कारखान्यांत आज सर्वस्वी स्त्रियांच्या हाती असलेली जुळवणीची शॉप आहे, आणि शेकडो तरुण मुली तेथे मोटारी उभ्या करतात; हे दृश्य मन प्रसन्न करणारे आहे. परंतु जुळवणीच्या रांगेत ठराविक सेकंदांत ठराविक नट आवळणे आणि बिघडलेले यंत्र उघडून त्याचा दोष शोधणे ह्यांत मोठे अंतर आहे. मुंबईच्या सीप्झ ह्या निर्यातक्षेत्रात १९७० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या जुळवणीसाठी मुलींची भरती होऊ लागली, तेव्हा त्यांच्या नाजूक बोटांची तारीफ फार झाली. पण नाजूक बोटांना टूलरूमची किल्ली कोणी दिली नाही. काम जितके बारीक तुकड्यांत वाटलेले, तितकी तेथे स्त्रीची भरती सोपी, आणि तितकेच तिचे कसब थोडे. म्हणून एखाद्या कारखान्यात किती स्त्रिया आहेत ह्या प्रश्नाबरोबर देखभाल खात्यात किती, टूलरूममध्ये किती, गुणवत्ता तपासणीत किती, आणि निदेशक व फोरमन किती, हेही विचारले पाहिजे. घणापासून सांडशीपर्यंतचे जे अंतर घिसाड्याच्या पालावर दिसते, तेच अंतर वातानुकूलित शॉपमध्येही राहू शकते.

प्रत्यक्ष गरजांची यादी लांब नाही, पण प्रत्येक गरज खरी आहे. कार्यशाळेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली असणे. ओढणी आणि मोकळे केस फिरत्या चकपासून दूर राहतील असा सर्वांना सारखा गणवेश असणे. हातमोजे, बूट आणि उंचीवर काम करताना बांधावयाचा पट्टा तिच्या मापाचा मिळणे. संध्याकाळची पाळी सुटल्यावर गावी परत नेणारी एसटी असणे. आणि वर्गात ती एकटीच मुलगी नसणे. ह्यांतील शेवटची गरज सर्वांत अवघड आहे, कारण चोवीस मुलांत एकटी बसलेली मुलगी चुकली तर मुली चुकतात असे ठरते, आणि ती जिंकली तर ती अपवाद आहे असे ठरते. दोनचार मुलींनी मिळून एकाच व्यवसायाला नाव घालणे हा त्यावरचा फुकटचा उपाय आहे, आणि मुख्याध्यापिकेने मनावर घेतले तर तो एका दुपारी होण्यासारखा आहे.

आणि मग लग्न. मुलगी फिटर आहे असे पाहुण्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे, असे जेव्हा आई विचारते तेव्हा तिला हसण्याचा अधिकार कोणाला नाही, कारण त्या पाहुण्यांच्या पसंतीवर मुलीचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे असे तिला आयुष्यभर सांगण्यात आले आहे. तिला एवढेच सांगता येईल की कसब ही स्त्रीधनाची सर्वांत सुरक्षित जात आहे: दागिना गहाण पडतो, जमिनीच्या सातबाऱ्यावर भावाचे नाव राहते, नवऱ्याचा पगार नवऱ्याबरोबर जातो, हाताला लागलेला धंदा मात्र कोणाला विकता येत नाही आणि कोणाकडे गहाण ठेवता येत नाही. विधवा, परित्यक्ता आणि नवऱ्याच्या दारूने गांजलेल्या स्त्रियांच्या कहाण्या आपण पुष्कळ ऐकल्या. त्यांतील फार थोड्या वीजतंत्री होत्या.

पुढील प्रकरणांत वाचकाला वेगवेगळ्या व्यवसायांची ओळख, त्यांतील कामाचे स्वरूप, प्रशिक्षणाची मुदत, उमेदवारीच्या काळातील विद्यावेतनाची पद्धत, आणि ह्या व्यवसायांत शिरलेल्या स्त्रियांचे अनुभव वाचावयास मिळतील. हे अनुभव सर्वच यशाचे नाहीत; काहींनी धंदा सोडला, काहींना तो सोडावा लागला, आणि त्यांची कारणेही तितक्याच स्पष्टपणे दिलेली आहेत. प्रचाराच्या पुस्तकाला हे परवडले नसते. माहितीच्या पुस्तकाला ते टाळता येत नाही. वाचणाऱ्या मुलीने ह्यातून स्फूर्ती घ्यावी अशी अपेक्षा नाही, तिने हिशेब घ्यावा अशी आहे: किती वर्षे, किती खर्च, कोणते काम, किती मोबदला, पुढे कोणती वाट.

दहावीच्या निकालानंतर औद्योगिक प्रशिक्षणाच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा असतो, आणि त्यात संस्था व व्यवसाय ह्यांचे विकल्प पसंतीच्या क्रमाने नोंदवावे लागतात. ते विकल्प पुष्कळदा मामा, शेजारी किंवा नेट कॅफेतील पोरगा भरतो, आणि मुलगी बाजूला उभी राहून मोबाइलवर आलेला आकडी सांकेतिक क्रमांक तेवढा वाचून दाखवते. पालकांकडे माझी मागणी फार मोठी नाही. हे पुस्तक मुलीच्या हाती द्यावे, जवळच्या संस्थेची कार्यशाळा तिला एक दिवस आतून दाखवावी, सर्व यंत्रे चालू असताना दाखवावी, आणि मग पसंतीचा क्रम तिला स्वतःच्या हाताने भरू द्यावा. तो भरून तिने महाविद्यालयच निवडले तरी ह्या प्रस्तावनेच्या लेखकाची तक्रार राहणार नाही.